अबचलनगरच्या घाटावर

रात्रीचे दोन वाजून गेलेत. तुम्ही गोदावरीच्या घाटावर अनवाणी उभे आहात. डोक्याला केशरी रुमाल बांधलाय. पायाखालचा दगड अजून कालचं ऊन धरून आहे, कारण नांदेडचं ऊन सहजासहजी उतरत नाही. वर रस्त्यावर तुमची रिक्षा थांबली आहे. स्टेशनवर रिक्षावाल्या सरदारजींनी तुम्हाला विचारलं होतं, "पाव्हणं, कुठं जायलात? तख्ताकडं का घाटावर?" अस्सल मराठवाडी बोली ऐकून तुम्ही क्षणभर बघतच राहिलात. पगडी पंजाबची आणि जीभ इथल्या काळ्या मातीची, हा मेळ बाहेरून येणाऱ्याच्या कानात लवकर बसत नाही.

पायऱ्यांवरून एक सेवक खाली उतरतोय. पांढरी दाढी, कमरेला कृपाण, खांद्यावर गागर. त्याला इथे गागरिया सिंघ म्हणतात. शब्द ऐकून तुम्हाला बरं वाटतं, कारण गागर म्हणजे तर आपल्याच घरातली घागर. रोज पहाटेच्या आधी गोदावरीचं पाणी भरून न्यायचं आणि त्या पाण्यानं तख्त सचखंड श्री हुजूर साहिबचा, म्हणजे इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्याचा, गाभारा धुवायचा, ही त्याची सेवा. पावसाळा असो, थंडी असो, तिच्यात खंड नाही. तो कमरेएवढ्या पाण्यात जातो, गागर तिरपी करतो. पाणी आत शिरताना घळघळ आवाज होतो.

त्या आवाजाकडे नीट कान द्या. घाटावरचे दिवे विझतील, पुलावरच्या गाड्या थांबतील. पलीकडच्या काठावरच्या इमारती नाहीशा होतील आणि नदी एकदम रुंद होईल.

आता साल १७०८ आहे. भाद्रपद.

वरच्या अंगाला विष्णुपुरीचा बंधारा नाही, त्यामुळे गोदावरी तिच्या मूळ अंगानं वाहतेय. पाणी गढूळ आहे, काठावर गाळाचा वास आहे. झुंजुमुंजू झालंय. जिथे आत्ता पायऱ्या होत्या तिथे चिखल आहे आणि चिखलात एक नावाडी होडी ओढत बसलाय. तुम्ही त्याच्याजवळ जाता. तो तुमच्या कपड्यांकडे बघतो, पण विचारत काही नाही. सध्या गावात इतकी परकी माणसं आलीत की आणखी एकाचं त्याला नवल नाही.

"दादा, ते तंबू कुणाचे?"

"बादशहाची फौज हाय. हैदराबादेला चालली, भावाभावांत लढाई हाय म्हणं." मग तो हातानं थोडं अलीकडे दाखवतो. "आन् ही अलीकडची, ही येगळी. ही उत्तरेकडची साधू माणसं. साधू म्हणावं तर तलवारी, शिपाई म्हणावं तर दिसभर भजन. घोडी मातुर लई देखणी."

नावाड्याची माहिती बरोबर आहे. औरंगजेब गेल्या वर्षी, १७०७ च्या मार्चमध्ये, आपल्याच मुलखात अहमदनगरला मेला. त्याचा मुलगा बहादूरशहा आता धाकटा भाऊ कामबक्ष याच्यावर चालून निघालाय. तिकडे साताऱ्यात शाहू महाराजांना अभिषेक होऊन आठ महिने झालेत. दख्खनची सगळी घडी बदलतेय. आणि या गडबडीत, बादशहाच्या छावणीबरोबर आलेले पण बादशहाचे नसलेले एक एकेचाळीस वर्षांचे गृहस्थ गोदेच्या काठी मुक्काम करून राहिले आहेत. पाटण्यात जन्मलेले, पंजाबात आनंदपुरात वाढलेले, शिखांचे दहावे गुरू, गुरू गोबिंदसिंग.

तंबूकडे जाण्याआधी थोडं थांबा. आत बसलेल्या माणसाच्या मागे काय काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय आत जाऊ नका. नऊ वर्षांचेही नसताना, १६७५ मध्ये, दिल्लीच्या चांदणी चौकात वडिलांचं, गुरू तेगबहादुरांचं, मस्तक उतरवलं गेलं. १६९९ च्या वैशाखीला त्यांनी आनंदपुरात खालसा पंथ उभा केला. मग आनंदपूर सोडावं लागलं. दोन मोठे मुलगे चमकौरच्या लढाईत पडले. दहा वर्षांचेही न झालेले दोन धाकटे सरहिंदच्या फौजदाराच्या, वजीरखानाच्या, हुकमानं भिंतीत चिणले गेले. आई त्याच दिवसांत गेली. असं सगळं झाल्यावर त्या माणसानं औरंगजेबाला फारसीत पत्र लिहिलं, काव्यात. 'जफरनामा' ते हेच. ते घेऊन भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग अहमदनगरपर्यंत आले होते. खालशात सगळ्यांत आधी शीर द्यायला उभे राहिलेले पाच प्यारे, त्यांतले हे दोघे. म्हणजे महाराष्ट्राची वाट त्यांना नवी नाही. आत्ताही ते दोघे इथेच, त्या तंबूच्या दाराशी आहेत.

वजीरखानाला शिक्षा होईल, या आशेवर गुरूंनी बादशहाशी एक वर्षभर बोलणी केली. शिक्षा झाली नाही. बादशहा पुढे निघाला, गुरू मागे राहिले. इथली गोष्ट या तुटण्यापासून सुरू होते.

त्या बादशहाची एक आठवण नांदेडकर शीख अजून सांगतात. बहादूरशहानं गुरूंना एक मोलाचा हिरा नजर केला. गुरूंनी तो हातात घेतला, बघितला आणि नदीत टाकून दिला. बादशहाला ते लागलं. तेव्हा गुरू म्हणाले, नदीत बघा आणि तुमचा असेल तो काढून घ्या. बादशहानं बघितलं तर तळाशी हिऱ्यांची रास. आपला कुठला ते ओळखेना. ती जागा म्हणजे आजचा हिरा घाट. अशीच गोष्ट नगीना घाटाचीही आहे, तिथे एका भक्तानं दिलेलं रत्न पाण्यात गेलं. दंतकथा म्हणून या सोडून देता येतील, पण मला वाटतं या गोष्टी रचणाऱ्या लोकांनी गुरूंचा स्वभाव अचूक पकडला आहे. ज्याच्या घरातली चार मुलं गेली, त्याच्यापुढे हिरा धरणाऱ्याला त्या माणसाचं काहीच कळलं नव्हतं.

काठाकाठानं चालत राहा. थोड्या अंतरावर एक मठ आहे. तिथला बैरागी माधोदास. मूळचा जम्मूकडच्या राजौरीचा, नाव लछमनदेव. तरुणपणी शिकारीत एक गाभण हरिणी मारली, तिच्या पोटातली पिल्लं डोळ्यांसमोर मेली आणि त्यानं शस्त्र टाकलं. फिरत फिरत नाशिकला पंचवटीत आला, योग आणि मंत्रतंत्र शिकला. मग त्याच नदीच्या काठानं खाली उतरून नांदेडला मठ घातला. लोक त्याला भितात. मठातल्या त्याच्या खाटेवर कोणी बसलं की तो मंत्रानं खाट उलथवतो, असं गावात बोललं जातं.

तुम्ही पोचता तेव्हा त्या खाटेवर गुरू बसलेले आहेत. माधोदास बाहेरून येतो, लालबुंद होतो, जे काही येतं ते सगळं करून बघतो. खाट हलत नाही. मग दोघांत थोडकंच बोलणं होतं. आवाज चढत नाहीत. आपण कोण, असं बैरागी विचारतो. ज्याला तू ओळखतोस तोच, असं उत्तर येतं. आणि अडतीस वर्षांचा तो बैरागी खाली बसतो. मी आपला बंदा, म्हणजे आपला सेवक, असं म्हणतो.

या क्षणाजवळ थोडं रेंगाळा, कारण पुढच्या आठ वर्षांचा पंजाबचा इतिहास इथून फुटतो. हरिणीच्या दुःखानं शस्त्र टाकलेल्या माणसाला गुरू पुन्हा शस्त्र हातात देत आहेत. भात्यातले पाच बाण, एक निशाण, एक नगारा आणि पंचवीस शीख. बंदासिंग बहादूर हे नाव घेऊन तो इथून, या चिखलातून, उत्तरेला निघतो. १७१० च्या मे महिन्यात छप्परचिरीच्या मैदानात वजीरखान पडतो, सरहिंद घेतलं जातं. हाती आलेल्या मुलखात बंदासिंग जमीनदारी मोडतो आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करतो. नाणी पाडतो ती स्वतःच्या नावानं नाहीत, गुरूंच्या नावानं. पकडल्यावर १७१६ मध्ये त्याला दिल्लीला आणतात. त्याच्या चार वर्षांच्या मुलाला त्याच्यासमोर मारतात आणि मग त्याला. गाभण हरिणी बघून हळहळलेला माणूस तो. त्याच्या मठाच्या जागी आज बंदा घाट गुरुद्वारा आहे. इतर गुरुद्वाऱ्यांपेक्षा तिथे गर्दी कमी असते. तुम्ही तिथे जास्त वेळ बसा.

पुढचं बघणं अवघड आहे, पण बघायला हवं.

संध्याकाळची प्रार्थना झालीय. गुरू तंबूत आडवे झालेत. काही दिवसांपासून संगतीत येऊन बसणारे दोन पठाण आत जातात. परंपरा सांगते की वजीरखानानं ते पाठवले होते. एक कट्यार चालवतो. गुरू त्याला तिथेच ठार करतात, पळणारा दुसरा बाहेरच्या शिखांच्या हाती मरतो. जखम खोल आहे. बादशहा आपल्याजवळचा शस्त्रवैद्य पाठवतो, टाके घातले जातात, जखम भरत येते. मग एके दिवशी कोणीतरी एक जाड धनुष्य आणतं. गुरू ते उचलून ताणतात आणि टाके तुटतात. लहानपणापासून बाण चालवणाऱ्याचा हात धनुष्य बघून थांबला नाही. इतकंच घडलं आणि त्यानं सगळं संपत आलं.

आता कार्तिक लागलाय. नदीचं पाणी निवळत आलंय. काठावरच्या रानात ज्वारी उभी आहे. तंबूबाहेर शीख गोळा झालेत आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकच प्रश्न आहे, पण तो विचारायला कोणी धजत नाही. मुलगे चारही गेले. अकरावा गुरू कोण?

तुम्ही सगळ्यांच्या मागे उभे राहा. मराठी माणसाला हे दृश्य ओळखीचं वाटावं, कारण आपल्याकडेही गादी म्हटली की वारस, दत्तक, भाऊबंदकी, तंटे. साताऱ्यात आणि कोल्हापुराकडे आत्ता तेच चाललंय. दिल्लीच्या तख्तासाठी भाऊ भावाला मारायला निघालाय, त्याची फौज तुम्ही मघाशी पाहिली. त्याच वर्षी, त्याच गोदेच्या काठावर, एक माणूस गादीचा प्रश्न कायमचा मिटवतो.

ग्रंथ आणला जातो. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये अमृतसरला ज्याची पहिली प्रत सिद्ध केली, तोच हा ग्रंथ. गुरू गोबिंदसिंगांनी त्यात वडिलांची पदं घालून तो पुरा केला, दमदमा साहिब इथे भाई मणिसिंगांच्या हातून लिहवून घेतला. स्वतः इतके मोठे कवी, पण आपल्या रचनांना त्यांनी या ग्रंथाबाहेरच ठेवलं. आता ते उठतात, जखमेवर हात धरून. ग्रंथापुढे पाच पैसे आणि एक नारळ ठेवतात. प्रदक्षिणा करतात. आणि ज्यांच्यापुढे हजारोंनी डोकी टेकवली ते गुरू स्वतः ग्रंथापुढे डोकं टेकवतात. यापुढे गुरू हाच. देहधारी गुरू कोणी नाही.

माणसं रडतात. तुमच्या शेजारचा एक म्हातारा शीख खाली बसतो आणि मातीत बोटं रुतवून तसाच राहतो. ७ ऑक्टोबर १७०८ ला गुरूंची ज्योत ज्योतीत मिळते. भाई दयासिंग आणि भाई धरमसिंग हेही त्याच वर्षी नांदेडलाच देह ठेवतात. त्यांची समाधिस्थानं आजही एकाच ठिकाणी आहेत. गुरूंच्या पत्नी माता साहिब देवां यांना गुरूंनी आधीच आपली पाच शस्त्रं देऊन दिल्लीला पाठवलं होतं. त्यांच्या नावाचा गुरुद्वारा नदीकाठी आहे.

मात्र अजून निघू नका. गर्दी पांगल्यावर त्या ग्रंथाजवळ जा. तुम्हाला गुरमुखी येत नसेल, पण आज कानांना कळतंय असं समजा. एक ग्रंथी वाचायला बसलाय. तो नानकांचं वाचतो, कबीरांचं वाचतो, शेख फरीदांचं वाचतो. आणि मग एक पद असं येतं की तुम्ही दचकता. एक माणूस देवळात आनंदानं भक्ती करायला गेला. जात हलकी म्हणून त्याला धरून उठवलं. तो घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसला. आणि देवळानं फिरून त्याच्याकडे तोंड केलं.

ही तर नामदेवांची गोष्ट. हे देऊळ औंढ्याचं. औंढा नागनाथ इथून दोन-तीन दिवसांच्या चालीवर आहे. मराठवाड्यातल्या आजीला विचारलंत तर ती हेमाडपंती देवळाची मागची बाजू दाखवून सांगेल, इथं बसले होते नामदेव महाराज. त्यांचं जन्मगाव म्हणून मानलं जाणारं नरसी बामणी तिथून फार लांब नाही, आजच्या हिंगोली जिल्ह्यातच. तेराव्या-चौदाव्या शतकातला एक शिंपी ज्ञानेश्वरांबरोबर तीर्थं हिंडला, पुढे पंजाबात गेला, गुरदासपूरकडच्या घुमानला राहिला. तिथल्या लोकांनी त्याची पदं जपून ठेवली. त्यांतली ६१ पदं, १८ रागांत बांधलेली, गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांत मराठीचे 'ला'कारान्त शब्द अजून डोकावतात. त्यांत विठ्ठल आहे, 'बीठल' होऊन.

हे समजून घेताना माझीच मान खाली गेली होती. मी मराठवाड्यात वाढलो. हुजूर साहिब म्हणजे पंजाबी लोकांचं देवस्थान, ते बाहेरून बघायचं, संगमरवर आणि सोनं बघून परत यायचं, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. नामदेव घुमानला गेले हे शाळेत शिकलो होतो. २०१५ मध्ये घुमानला मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा बातम्याही वाचल्या. पण नामदेव पंजाबात गेले ती वाट उलटीही आली, हे ध्यानात यायला मला उशीर लागला. औंढ्याच्या देवळाबाहेर काढलेल्या माणसाचे शब्द पंजाबात गेले, ग्रंथात बसले आणि चारशे वर्षांनी औंढ्याच्या शेजारच्या गावात गुरुपदाला पोचले. अकरावा गुरू कोण या प्रश्नाच्या उत्तरात एक वाटा मराठी माणसाचा आहे. नांदेडमध्ये बघण्यासारखं काय, असं कोणी विचारलं तर मी सगळ्यांत आधी हे सांगतो.

गोदेच्या पाण्यात पाय घाला. आणखी एक मुक्काम करायचाय.

साल १८३५ धरू. गुरूंचा दरबार भरायचा त्या चौथऱ्यावर मागे राहिलेल्या मोजक्या शिखांनी एक खोली बांधून ग्रंथसाहिब ठेवला होता. अबचलनगर, म्हणजे न ढळणारं नगर, हे नाव या जागेला तेव्हापासूनचं. बाकीचे बहुतेक उत्तरेला परतले होते. शंभराहून जास्त वर्षं ही जागा अशी थोडक्या माणसांनी राखली. आता तिथे परांच्या बांधल्यात. लाहोरहून महाराजा रणजितसिंगांनी पैसा पाठवलाय, कारागीर पाठवलेत. १८३२ ला काम सुरू झालं, १८३७ ला पुरं होईल.

एका मिस्त्रीच्या शेजारी बसा. तो चुन्यात हात घालून बोलतो. घर सोडून किती दिवस झाले ते तो बोटांवर मोजायला लागतो आणि मध्येच सोडून देतो. रेल्वे यायला अजून बरीच वर्षं आहेत. पंजाबातून इथवर बैलगाडी, उंट आणि पाय. नांदेड निजामाच्या राज्यात, लाहोर शिखांच्या राज्यात आणि मधला मुलूख बराचसा इंग्रजांच्या हुकमाखाली. ज्यांनी हे बांधायला सांगितलं त्या महाराजांना हे कधी बघायला मिळणार नाही. १८०९ च्या तहानं सतलजच्या अलीकडे त्यांचं राज्य वाढायचं नाही असं ठरलेलं आहे आणि १८३९ मध्ये ते जातील. न पाहिलेल्या जागेसाठी, न पाहिलेल्या नदीकाठी, त्यांनी कळस चढवला. अमृतसरच्या हरिमंदिरावर सोनं चढवणारे तेच. या इमारतीतही तुम्हाला अमृतसरची छाया दिसते ती त्यामुळे.

याच सुमाराला लाहोरहून शीख पलटणीही हैदराबादला आल्या. चंदूलाल हे खत्री घराण्यातले दिवाण तेव्हा निजामाचा कारभार बघत होते. त्या शिपायांतले बरेच जण परत गेले नाहीत. हैदराबाद, नांदेड आणि आसपासच्या गावांत राहिले, इथेच लग्नं केली, दख्खनी बोलायला लागले, मग मराठी, तेलुगू. आजचे दख्खनी शीख त्यांचेच. तुमच्या रिक्षावाल्या सरदारजींच्या बोलीचं उत्तर इथे मिळतं. त्यांची पंजाबीच जरा परदेशी आहे, मराठी नाही. त्यांनी तुम्हाला पाव्हणं म्हटलं ते अगदी बरोबर होतं.

आता परत या. गागर भरली आहे. गागरिया सिंघ पायऱ्या चढतोय. त्याच्या मागे चला.

तख्तावर पोचेपर्यंत आकाश अजून काळंच असतं. शिखांची पाच तख्तं, म्हणजे धर्मपीठं, आहेत. अमृतसरचं अकाल तख्त, आनंदपूरचं केशगढ साहिब, तलवंडी साबोचं दमदमा साहिब, पाटण्याचं हरिमंदिरजी आणि हे. पंजाबाबाहेर दोनच, एक जिथे दहावे गुरू जन्मले आणि दुसरं हे, जिथे त्यांनी देह ठेवला. आतल्या खोलीला अंगीठा साहिब म्हणतात, कारण चिता इथे रचली होती. भिंतींना सोन्याचे पत्रे आहेत. आत गुरूंची शस्त्रं जपून ठेवली आहेत, तलवारी, धनुष्यं, बाण, ढाल. त्यांतल्या धनुष्यांकडे बघताना तुम्हाला ते तुटलेले टाके आठवतील. तिथे सगळ्यांना प्रवेश नाही, दारातून बघायचं. ग्रंथसाहिब समोरच्या दालनात असतात आणि माथा तिथे टेकायचा. रात्री त्यांना निजवतात, पहाटे उठवतात, त्यांच्यावर चवरी ढाळतात. पंढरीच्या विठोबाची काकड आरती बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

संध्याकाळपर्यंत थांबा, इथली आरती चुकवू नका. पंजाबातल्या बहुतेक गुरुद्वाऱ्यांत आरती म्हणतात, पण दिव्यांनी ओवाळत नाहीत. हुजूर साहिबला ओवाळतात. दख्खनची ही जुनी रीत आहे. उत्तरेकडून आलेल्या काहींना ती खटकते, मला ती फार आवडते. त्या आरतीत नानकांबरोबर रविदास, कबीर, धन्ना आणि सैन यांची पदं आहेत. हे सैन म्हणजे वारकऱ्यांचे सेना महाराज, असंच आपल्याकडे मानतात. नगारा वाजतो, शस्त्रांचं दर्शन होतं. दसऱ्याला किंवा होळीनंतरच्या हल्लाबोलला गेलात तर गुरूंच्या घोड्याच्या वंशातले म्हणून सांभाळलेले घोडे मिरवणुकीत दिसतील. त्यांच्यावर कोणी बसत नाही. १७०८ चा तो नावाडी म्हणाला होता ते खरंच आहे, घोडी देखणी आहेत.

बाकीची ठिकाणं एका दिवसात होतात. माळटेकडी, संगत साहिब, शिकार घाट, हिरा घाट, माता साहिब. यात्रेकरूंच्या गाड्या ती एका दमात फिरवून आणतात. २००८ मध्ये गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरुपदाला तीनशे वर्षं झाली, तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ वाढला. विमानतळाला आणि स्टेशनलाही गुरूंचं आणि हुजूर साहिबचं नाव आहे. सोय झाली हे चांगलंच. जुने वाडे आणि गल्ल्याही त्यात गेल्या, त्याची हळहळ नांदेडकरांकडून ऐकायला मिळते आणि ती मला पटते.

जेवायला लंगरमध्येच बसा. जमिनीवर, रांगेत. वाढणारा ज्याला प्रशादा म्हणतो ती पोळी दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घ्यायची. या रांगेला शीख पंगत म्हणतात आणि आपणही पंगतच म्हणतो. आपल्या गावच्या पंगतीत कोण कुठे बसायचं हे फार काळ जातीनं ठरत होतं, तो शब्द तेवढा आपण जपला. इथे शेजारी कोण आहे ते विचारत नाहीत. इथून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसमध्येही वाटेतल्या स्टेशनांवर सेवेकरी डब्यांशी येऊन जेवण देतात. दोन हजार किलोमीटरहून अधिक लांबीची ही पंगत आहे.

तुम्ही निघालात की स्टेशनकडे लगेच जाऊ नका. तख्ताच्या आवारात एखादा वयस्कर ग्रंथी निवांत बसलेला दिसेल. हात जोडून त्याला भगत नामदेवांची बाणी दाखवायला सांगा. मराठीत सांगा, त्याला कळेल. ग्रंथसाहिबाच्या पानाला पान म्हणत नाहीत, अंग म्हणतात, कारण हे गुरूंचं शरीर आहे. अशी १४३० अंगं आहेत. औंढ्याचं देऊळ त्यात राग भैरवमध्ये आहे, अंग ११६४ वर.